येणे बाकी

व्यापाऱ्याच्या वहीत हातातली रोकड आणि लोकांकडून येणे असलेली रक्कम या दोन गोष्टी कधी एकत्र मांडल्या जात नाहीत. येणे कितीही खात्रीचे असो, ते गल्ल्यात पडल्याखेरीज त्याच्या भरवशावर माल उचलायचा नसतो, हे दुकानात वाढलेल्या मुलाला निराळे शिकवावे लागत नाही. असे असूनही खानदेशातील कितीतरी व्यापारी घरांनी गेल्या वीस वर्षांत एका येण्याच्या भरवशावर घर, दुकान आणि मुलांची लग्ने थांबवून ठेवली. ते येणे म्हणजे अमेरिकेचा स्थलांतराचा व्हिसा.

जळगावच्या दाणा बाजारात डाळीचा व्यापार करणारे एक गृहस्थ. धाकटा भाऊ धुळ्यात सुताच्या धंद्यात, बहीण लग्नानंतर न्यू जर्सीला गेली आणि तिथली नागरिक झाली. बहिणीने थोरल्या भावासाठी जानेवारी २००६ मध्ये अर्ज दाखल केला. तेव्हा त्यांची मुलगी आठ वर्षांची होती आणि मुलगा पाच वर्षांचा. घरात पेढे वाटले गेले. चार-पाच वर्षांत जाणे होईल, असे त्या वेळी सर्वांनीच गृहीत धरले होते. असे घर शोधायला फार दूर जावे लागत नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवर आणि पारोळ्या-अमळनेरलाही थोड्याफार फरकाने हीच कथा ऐकू येते.

ही रांग कशी चालते ते एकदा नीट पाहिले पाहिजे, कारण न समजलेल्या विलंबाचा त्रास समजलेल्या विलंबाहून अधिक होतो. अमेरिकन नागरिक आपल्या सख्ख्या भावाबहिणीसाठी जो अर्ज करतो, तो कौटुंबिक स्थलांतराच्या चौथ्या वर्गात पडतो. १९९० च्या कायद्याप्रमाणे या वर्गाला साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० जागा आहेत आणि कोणत्याही एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. जागा कुटुंबागणिक मोजली जात नाही, माणसागणिक मोजली जाते. भाऊ, भावजय आणि दोन मुले म्हणजे चार जागा. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस म्हणजे रांगेतला नंबर. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला एक पत्रक काढते आणि त्यात कोणत्या देशाच्या कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांना बोलावणे आले ते सांगते. मेक्सिकोच्या भावंडांची रांग तर भारताहूनही मागे आहे. तेव्हा या टप्प्यावर कोणा अधिकाऱ्याने फाईल दाबून ठेवलेली नसते. ‘आपली वर ओळख आहे, फाईल पुढे सरकवून देतो’ असे सांगून पैसे मागणारा दलाल नसलेलीच वस्तू विकत असतो.

(ज्यांचे पूर्वज मारवाडातून लोटा-डोर घेऊन निघाले आणि कापसाच्या तेजीत खानदेशात स्थिरावले, त्यांच्याच वंशजांना स्थलांतरासाठी अठरा वर्षे तारखेकडे डोळे लावून बसावे लागावे, हा काळाचा विनोदच म्हणायचा. त्या तेजीलाही अमेरिकेतले यादवी युद्धच कारण झाले होते.)

‘व्हिसा आला की’ हे तीन शब्द या घरात हळूहळू एखाद्या तिथीसारखे वापरले जाऊ लागले. गोदामाचे पत्रे गळत होते. व्हिसा आला की गोदाम सोडायचेच आहे, म्हणून ठिगळे लावून निभावले. भाडेकरार अकरा महिन्यांचा, तो प्रत्येक वेळी पुन्हा अकरा महिन्यांचाच केला. धुळ्याच्या भावाने भागीत डाळ मिल घालण्याचा विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा त्याला तेच तीन शब्द ऐकावे लागले. त्याने पुढे एकट्याने सुताचाच धंदा वाढवला. भावाभावांत वाद असा झाला नाही. परंतु दिवाळीच्या वहीपूजनाला जो एकत्र बसण्याचा रिवाज होता, तो मात्र विरत गेला.

स्थानकात एखाद्या वडीलधाऱ्याने अशा वेळी ‘अंतराय कर्माचा उदय आहे’ असे सांगावे, हे ठरलेलेच. बोलणे खोटे नाही. लाभांतराय म्हणजे मिळण्यासारखे असूनही न मिळणे, आणि रांगेत अडकलेल्या माणसाची स्थिती नेमकी तीच असते. पण अंतरायाच्या पाच भेदांत वीर्यांतरायही आहे, हे बहुधा विसरले जाते. अंगी सामर्थ्य असून ते वापरता न येणे, हाही अंतरायच. गळके पत्रे बदलायला कोणत्याही परदेशी पत्रकाची आडकाठी नव्हती.

२०२२ च्या आरंभी मात्र खरा पेच उभा राहिला. मुलगी चोवीस वर्षांची झाली होती. नियमाप्रमाणे आईवडिलांबरोबर जाणारे अपत्य एकवीस वर्षांच्या आतले आणि अविवाहित असावे लागते. पण अमेरिकेने २००२ मध्ये मुलांच्या वयासंबंधी जो कायदा केला, त्यात एक सवलत आहे: मूळ अर्ज मंजुरीविना जितका काळ पडून राहिला, तितका काळ मुलाच्या वयातून वजा होतो. या घराचा अर्ज २००६ मध्ये दाखल झाला तो २०१० मध्ये मंजूर झाला. त्या चार वर्षांबद्दल घरात कितीतरी वेळा चडफडाट झाला होता, आणि आता तीच चार वर्षे मुलांच्या कामी येत होती. चोवीस वर्षांची मुलगी कायद्याच्या हिशेबाने वीस वर्षांची ठरत होती. ज्यांचा अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला म्हणून एके काळी हेवा वाटला, त्यांच्या मुलांना ही वजावट जवळजवळ मिळतच नाही.

त्या वेळी भारतीय भावंडांची तारीख १५ सप्टेंबर २००५ वर होती. यांचा अर्ज जानेवारी २००६ चा. म्हणजे कागदावर चार महिन्यांचे अंतर. मुलीपाशी सुमारे दहा महिने शिल्लक होते. पुण्याहून आणि औरंगाबादहून चांगली स्थळे सांगून आली होती; लग्न झाले की अर्जातून नाव जाणार, म्हणून दोन्हीकडे ‘थोडे थांबू’ असा निरोप गेला. परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत तिचे नाव त्या वर्षी दिलेच नाही. दर महिन्याला पत्रक यायचे आणि तारीख तीच असायची. २०२२ सरले, २०२३ चा उन्हाळा आला, तरी १५ सप्टेंबर २००५ ही तारीख जागची हलली नाही. रांगेतले चार महिने आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले चार महिने यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे घराला उमगले तोवर मुलगी कायद्याच्याही हिशेबाने एकवीस ओलांडून गेली होती. वयाबाहेर गेलेल्या अशा मुलांना आईवडिलांच्या अर्जाची जुनी तारीख मिळत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच कायम केले आहे. त्यानंतर धुळ्याचे स्थळ आले आणि ती धुळ्याची सून झाली. लग्न चांगले झाले. थांबवलेल्या दीड वर्षाचा उल्लेख आईने एकदाही केला नाही. तोच वडिलांना अधिक बोचला असावा.

घरच्यांचा नंबर २०२४ मध्ये लागला. इथून विलंबाची जात बदलली. रांग माणसाच्या हातात नसते, कागदपत्रे मात्र बरीचशी असतात. गृहस्थांचा जन्म १ एप्रिल १९७० पूर्वीचा, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा अमलात येण्याआधीचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या हजारो मुलांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली ही तारीख. तहसील कचेरीतल्या कोतवाल बुकात शोध घेतला तेव्हा नोंद सापडली, पण ती केवळ ‘मुलगा’ अशी, नावाविना आणि वेगळ्या महिन्याची. बहिणीच्या कागदांवर आडनाव गोत्राचे, भावाच्या कागदांवर ‘जैन’. दोघे एकाच आईवडिलांची लेकरे आहेत, हेच सिद्ध करायचे आणि तिथेच आडनावे जुळेनात. पत्नीचे नाव लग्नात बदललेले. माहेरचे नाव दाखल्यावर, सासरचे पासपोर्टवर. समाजातल्या बहुतेक घरांत ही तिन्ही कोडी आहेत. ती सोडवायला नगरपालिकेचा नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात हे सर्व लागते, आणि त्यासाठी नंबर लागण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नसते. अठरा वर्षांत हे काम कधीही झाले असते. ज्यांची प्रतिज्ञापत्रे सर्वांत मोलाची ठरली असती, ते काका-मामा दरम्यान निवर्तले.

भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची कथा अक्षय तृतीयेला दर वर्षी ऐकली जाते. चारशे दिवस ते भिक्षेसाठी हिंडले. लोकांनी हत्ती-घोडे पुढे केले, रत्ने आणली. साध्या आहाराचे कोणाला सुचेना. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस वाहिला. देणारे कंजूष नव्हते, काय द्यायचे ते त्यांना ठाऊक नव्हते. खिडकीपाशी सातबाराचे उतारे, प्राप्तिकराच्या पावत्या आणि सुवर्णपदकांच्या प्रतींचे गठ्ठे घेऊन उभ्या राहणाऱ्या कुटुंबांना पाहिले म्हणजे ही कथा आठवल्यावाचून राहत नाही. मागितलेला असतो एक जन्माचा दाखला.

मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत झाली. आदल्या रात्री जळगावहून गाडीने निघालेल्या तिघांना वीस मिनिटांत मोकळे केले गेले आणि हाती एक चिठ्ठी आली: कलम २२१ (जी), नात्याचा अधिक पुरावा द्यावा. रात्री संकेतस्थळ उघडले तर तिथे ‘नाकारले’ असा शब्द. आईने त्या रात्री जेवण घेतले नाही. वास्तविक या कलमाखालचा नकार हा त्या क्षणापुरता असतो. मागितलेले कागद एक वर्षाच्या आत दिले तर प्रकरण पुढे चालते, न दिले तर मात्र अर्ज संपुष्टात येऊ शकतो. कागद दिल्यानंतर जी तपासणी सुरू होते, तिला ‘प्रशासकीय प्रक्रिया’ असे भारदस्त नाव आहे आणि तिची मुदत कोणी सांगत नाही. दरम्यान वैद्यकीय तपासणीची सहा महिन्यांची मुदत उलटली तर ती पुन्हा करून घ्यावी लागते आणि पैसेही पुन्हा भरावे लागतात. व्हिसा हातात पडेपर्यंत घर विकू नका, नोकरी सोडू नका, न परतणारी तिकिटे काढू नका, असे अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वतःच सांगते. ही ओळ घरोघरी मोठ्याने वाचली जावी, इतकी ती मोलाची आहे.

त्या चिठ्ठीनंतर घरात एक बदल झाला आणि तो मुलाने घडवला. त्याचे वय आता कायद्याने गोठले होते, फक्त लग्न करायचे नव्हते. परिचय संमेलनात नाव द्यायला त्याने नकार दिला नाही, परिचयपत्रात मात्र स्वच्छ लिहिले, ‘अमेरिकेचा व्हिसा तपासणीत आहे, येईल किंवा येणार नाही, आला तर लग्न तिथे गेल्यावर.’ वडिलांना हे फार उघडे वाटले. पण एका स्थळाने ते वाचूनच फोन केला. मग त्याने गोदामाचा करार पाच वर्षांचा करून घेतला आणि पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलले. काकांकडे धुळ्याला जाऊन डाळ मिलचा विषय पुन्हा काढला. काका म्हणाले, ‘तू गेलास तर?’ तो म्हणाला, ‘गेलो तर माझा हिस्सा तुम्ही घ्या, भाव आजच लिहून ठेवू.’ वकिलातीच्या कागदांची एक फाईल त्याने केली आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास ती उघडायची, एरवी नाही, असा नेम ठेवला. आजी गमतीने त्याला सामायिक म्हणू लागली, आणि अठ्ठेचाळीस मिनिटे तरी बस म्हणून टोकू लागली.

वडील मात्र अजून मुलीचा हिशेब मांडत होते. ते तिथे गेले, पाच वर्षांनी नागरिक झाले, की विवाहित मुलीसाठी अर्ज करता येतो. त्या वर्गाची भारतीयांची रांग आज चौदा वर्षांच्या आसपास आहे. गेल्या भाऊबीजेला ती माहेरी आली तेव्हा त्यांनी हा बेत तिला सांगितला. तिने पाच आणि चौदा यांची बेरीज केली, त्यात आपले वय मिळवले आणि हसली. म्हणाली, ‘पप्पा, अर्ज भरायचा तर भरा. वहीत ओढत न्या. पण तारीख मला सांगू नका.’

मग तिने आजीच्या औषधांची यादी मागून घेतली. हे तिघे गेलेच तर आजी धुळ्याला धाकट्या मुलाकडे राहणार, असे ठरले होते. काकूला डोळ्यांनी कमी दिसते, तेव्हा गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून द्यायचे काम तिने आपल्याकडे घेतले.