अडॅप्टरवरचा बारीक सहा

आमच्या घरात 'इसराफ' हा शब्द तीन गोष्टींवरून ऐकू येतो: वजू करताना सोडून दिलेला नळ, रिकाम्या खोलीतला पंखा आणि सॉकेटमध्ये लटकत राहिलेला चार्जर. अम्मी फज्रला उठल्या की आधी सगळ्या स्विच-बोर्डांवरून त्यांचा हात फिरतो. "फोन तो निकाल लिया, ये डब्बा क्यूँ लटक रहा है?" मुलं हसतात. दादी, एवढ्याशा डब्बीत कितीशी वीज जाणार?

मी भाषेचा मास्तर, उर्दू आणि मराठी शिकवणारा. पण हा हिशेब चौथीच्या गुणाकाराचा आहे. वर्षाचे तास 8760. एक वॅट वर्षभर सतत वाहिला तर पावणेनऊ युनिटच्या आसपास होतात. जुन्या रेडिओचा, कॉर्डलेस फोनचा तो जड काळा ठोकळा आठवतो ना? त्यात लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असायची. पुढे काही जोडलेलं नसलं तरी गाभा तापत राहायचा. हात लावला की कोमट लागायचा, म्हणजे तेवढी वीज भिंत तापवण्यात चालली होती. असे ठोकळे नुसते लटकूनही एक-दोन वॅट सहज खात. आजचा चांगला, हलका चार्जर रिकामा असताना एक दशांश वॅटसुद्धा घेत नाही. वर्षाला एक युनिटही भरत नाही. म्हणजे अम्मींचं म्हणणं त्या ठोकळ्यांच्या काळात अगदी खरं होतं, आणि मुलांचं हसणं आज बरंचसं खरं आहे. मधल्या काळात काय झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

लोक सुधारले असं काही झालं नाही. चार्जर तेव्हाही लटकत होते, आजही लटकतात. बदललं ते कारखान्यात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2004 साली अडॅप्टरसाठी सक्तीचे नियम मंजूर केले. 1 जुलै 2008 पासून ते बंधन सगळ्या अमेरिकेत आलं: रिकाम्या अडॅप्टरने अर्ध्या वॅटपेक्षा जास्त घ्यायचं नाही. 10 फेब्रुवारी 2016 पासून नेहमीच्या लहान अडॅप्टरांसाठी ही मर्यादा 0.1 वॅटवर आली. युरोपानेही एप्रिल 2020 पासून तीच रेघ ओढली. काम चालू असतानाची मोजणीही ठरलेली आहे. पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण भार देऊन चार वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची. लॅपटॉपच्या 65 वॅटच्या अडॅप्टरला या परीक्षेत 88 टक्के मिळवावे लागतात. आमच्या दहावीच्या पोरांना सांगितलं तर म्हणतील, सर, पासिंग फार कडक आहे.

सक्ती कशाला, फ्रिजसारखे तारे चिकटवले असते तर? मला वाटतं, नसतं चाललं. फ्रिज आपण दुकानात उभं राहून, चार तारे की पाच असं बघून घेतो. अडॅप्टर मात्र खोक्यात फुकट आल्यासारखा यायचा. तो निवडायची कंपनी, चार रुपये वाचवायचीही कंपनी, आणि वीजबिल वर्षानुवर्षं भरायचं आपण. ज्याच्या हातात निवड त्याच्या खिशाला झळ नाही, तिथे नुसत्या नसीहतीचा काय उपयोग?

या परीक्षेचा निकाल अडॅप्टरच्या पाठीवर छापलेला असतो. चष्मा लावून, मोबाइलची टॉर्च मारून बघा. रोमन लिपीतला सहा दिसेल: व्हीचं अक्षर आणि शेजारी उभी रेघ. एकच माल अनेक देशांत विकायचा असल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी अडॅप्टरांवरही तो आलेला आहे. शेजारी चौकोनात चौकोन असेल तर त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. छोटंसं घर असेल तर घरातच वापरा. आणि भारतीय मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. पुष्कळांना वाटतं, हा क्रमांक वीज वाचवण्याचा. तसं नाही. तो सुरक्षिततेच्या चाचणीचा आहे: शॉक लागू नये, आग लागू नये. दोन्ही खुणा वेगळ्या आणि दोन्ही बघण्यासारख्या.

आता एक नवी गोष्ट झाली आहे. 2020 नंतर बऱ्याच कंपन्यांनी फोनच्या खोक्यातून चार्जरच काढून टाकला. यावर लोकांनी नाकं मुरडली, मीही मुरडलं. पण त्यामुळे जी निवड कधी आपल्या हातात नव्हती ती आली. कोणाच्या हातात आली, हे मात्र बघायला हवं. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी एकच खोली, एकच फोन. त्यावरच अभ्यास, त्यावरच आखातातल्या अब्बांचा व्हिडिओ कॉल. चार्जर बिघडला की आई बाजाराच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून स्वस्तातला घेते. त्याच्या पाठीवर एकही अक्षर नसतं, किंवा सगळीच असतात, कारण छापायला काय लागतं! तो रात्रभर उशाशी तापतो.

म्हणून मी गेल्या पालकसभेत गुणपत्रकं वाटून झाल्यावर दोन चार्जर टेबलावर ठेवले, एक खुणांचा आणि एक कोरा, आणि मातांना ते हातात घेऊन बघायला सांगितलं. एकीने दोन्ही तळहातांवर तोलले आणि विचारलं, "सर, ये छेवाला कित्ते का मिलता?" मी किंमत सांगितली. तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाली, "महिने की पहली को लेऊँगी."