वैल

दोन पिढ्यांनी एका छपराखाली राहावे, ही इच्छा चांगलीच. परंतु त्यांच्यामध्ये भिंत किती असावी आणि दार किती, हा प्रश्न छपराने सुटत नाही. आम्हां उभयतांना तो कॅनडातील मिसिसागा येथील आमच्या घराला एक खोली वाढविताना पडला, आणि त्याचे उत्तर एका शेगडीने दिले.

निमित्त आईच्या येण्याचे होते. कॅनडा सरकारने डिसेंबर २०११ मध्ये आईवडिलांसाठी सुपर व्हिसा सुरू केला आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा दिली. वडिलांच्या पश्चात वसईच्या घरात एकटी राहणारी आई मोठ्या मिनतवारीने यावयास तयार झाली. तिला जिना चढवत नाही. म्हणून दिवाणखान्याला लागून तळमजल्यावरच तिची खोली काढावयाचे ठरले. येथील हिवाळा तिला कसा सोसवेल, या काळजीतून दुतोंडी फायरप्लेसची कल्पना निघाली. मधल्या भिंतीत शेगडी बसवावी, तिचे एक तोंड दिवाणखान्याकडे आणि दुसरे आईच्या खोलीकडे असावे. विस्तव एक, ऊब दोन्हीकडे.

'दुतोंडी' हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने वापरीत नाहीत. शेगडीच्या बाबतीतही तो थोडा खरा असल्याचे कारागिराने आम्हांला समजाविले. साध्या शेगडीला तीन बाजूंनी आडोसा असतो. हवा समोरून शिरते आणि धूर घेऊन धुराड्यातून वर जाते. दोन्ही बाजू उघड्या राहिल्या, तर एका खोलीतील हवा विस्तवावरून दुसऱ्या खोलीत वाहू लागते आणि धुरालाही सोबत नेते. म्हणून दोन्ही तोंडांना उष्णता सोसणाऱ्या काचेची दारे बसवावी लागतात. ती दोन्ही एकाच वेळी उघडावयाची नाहीत, हा त्याचा पहिला नियम.

मग इतर नियम आले. नगरपालिकेची परवानगी आणि तपासणी. भिंत तोडली तेथे वरचा भार पेलण्यासाठी लोखंडी तुळई. धुराडे छपरातून निघते तेथून किमान ३ फूट उंच, शिवाय १० फुटांच्या आतील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच. दोन्ही तोंडांसमोर दगडी लादी. दोन्ही खोल्यांत धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओल असलेले; कारण ओल्या लाकडाने धुराड्यात डांबरासारखी काजळी साचते आणि पुढे तीच पेट घेते.

शेवटी कारागिराने विचारले, "लाकूड कोणत्या बाजूने घालणार?"

"आमच्या," आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो. आईच्या बाजूच्या दाराला कुलूप लागले आणि किल्ली आमच्या कपाटात गेली. आई तेव्हा वसईतच होती. तिला विचारावे, असे आमच्या मनातही आले नाही.

नोव्हेंबरात शेगडी पेटली. आई काचेसमोर बसून म्हणाली, "अरे, हा तर वैल!" आमच्या जुन्या घरी चुलीच्या कडेला वैल असे. जाळ चुलीचा, त्याची झळ आतल्या वाटेने वैलाकडे जाई आणि तेथे भात मुरे, दूध तापे. आम्हांला त्या शब्दाचे फार कौतुक वाटले. मात्र त्या चुलीत झावळ्या आणि करवंट्या सारणारा हात तिचाच होता, हे आम्ही विसरलो. येथे ती कुलूपबंद काचेसमोर पाहुणीसारखी बसे. जाळ मंदावला की भिंतीवर टकटक करी. हातातले काम संपवून आम्ही उठत असू. हळूहळू ती टकटक थांबली. संध्याकाळी सातलाच ती शाल गुंडाळून निजू लागली. थंडी बाधत असेल, असे आम्ही समजलो.

जानेवारीत एके दिवशी आम्ही मासळी तळत होतो. स्वयंपाकघरातील नवा, मोठा पंखा जोरात चालू होता. लाकूड घालण्यासाठी शेगडीचे दार उघडले, तोच धूर वर जाण्याऐवजी भसकन अंगावर आला. घंटा किंचाळू लागली. आम्ही टॉवेल हलवीत धावत सुटलो. आई तिच्या खोलीतून आली, तिने शेगडीचे दार लावले, खिडकी सताड उघडली आणि म्हणाली, "धुराला वाट हवी, तर आधी वाऱ्याला वाट द्या." थोड्याच वेळात धूर निमूटपणे वर वळला.

दुसऱ्या दिवशी कारागिराने तेच अधिक लांब शब्दांत सांगितले. पंखा घरातील हवा बाहेर फेकतो. फटी नसलेले घर मग ती हवा धुराड्यातून खाली ओढून घेते. धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. पंखा आम्ही त्याला न विचारता मागाहून आणला होता, तेव्हा चूक सर्वस्वी आमची. पंख्याबरोबर उघडणारी, बाहेरची हवा आत आणणारी नळी त्याने बसवून दिली.

त्याच दिवशी आम्ही त्याच्याकडून कुलूपही बदलून घेतले. आता आमच्या बाजूचे दार बंद असते. किल्ली, चामडी हातमोजे आणि लोखंडी चिमटा आईच्या खोलीत असतो. लाकडे आम्ही आणून रचतो. कोणते कधी घालावयाचे, ते ती ठरविते. ती सातला निजत नाही.

आम्ही आईला ऊब दिली होती, पण विस्तव आमच्या हाती ठेवला होता. वृद्धांची काळजी घेताना आपल्या हातून पुष्कळदा असेच घडत असावे.

परवा रात्री आमच्या बाजूला गारवा जाणवू लागला. आम्ही भिंतीवर टकटक केली. पलीकडून आवाज आला, "थांबा जरा, हातातले काम संपवते."