कर्फ्यू उठल्यावर

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महाल भागात दगडफेक, जाळपोळ झाली आणि शहरातल्या अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. कोतवालीसह उरलेल्या भागांतली बंदी २३ मार्चला उठली. मनातली काही उठली नाही. अंधार पडला की चिटणीस पार्ककडचा रस्ता टाळायचा आणि लग्नाच्या वरातीतला फटाका वाजला तरी केळीबाग रोडवरच्या दुकानदाराचा हात आधी शटरकडे जायचा, हे आम्ही महालकरांनी नंतरही बरेच दिवस पाहिलं. ‘काळ गेला की सगळं बराबर होते,’ असं इथे कोणीही सांगेल. मला ते पटत नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांना खुणेच्या आवाजानंतर अन्न दिलं, मग नुसताच आवाज ऐकवत राहून त्यांची लाळ थांबवली. पण मध्ये काही वेळ जाऊ दिला, की त्याच आवाजाला लाळ पुन्हा सुटे. पुढे भीतीवरच्या प्रयोगांतही हेच दिसलं. अमिग्डाला या भीतीशी निगडित भागात बसलेला जुना धडा मेंदू सहसा पुसत नाही. ‘इथे आता काही होत नाही’ हा दुसरा धडा कपाळामागच्या भागाच्या मदतीने तयार होतो आणि पहिल्याला दाबून धरतो. नुसता काळ गेला तर आधी विरतो तो हा नवाच. शिवाय तो जिथे शिकला गेला त्या जागेला, त्या प्रसंगाला चिकटलेला असतो. भर दुपारी बडकस चौकात खरेदी करणारा माणूस रात्री तिथेच बिचकतो, यात नवल नाही.

भीती राहिलेलीच बरी, ती सावध ठेवते, असं कोणी म्हणेल. मान्य. दुर्मीळ आजाराने अमिग्डाला निकामी झालेल्या अमेरिकेतल्या एका बाईने साप बेधडक हाताळला, आणि जिवावरच्या प्रसंगांतही ती पुन्हा पुन्हा सापडली. म्हणून आधी रस्ता खरोखर सुरक्षित हवा. दगड पडतच असतील तर ‘घाबरू नका’ म्हणणं हा चावटपणा आहे. संचारबंदीने दंगल आटोक्यात येते, हेही खरं. पण घरात कोंडलेल्या मेंदूला नवा धडा मिळत नाही, उलट खिडकीतून दिसणारा ओस रस्ता जुनाच पक्का करतो. त्यामुळे बंदी उठल्यावर रात्री उशिरापर्यंत उघडं राहणारं दुकान मला बंदोबस्ताइतकंच गरजेचं वाटतं. फक्त गिऱ्हाइकानेही तिथे रात्रीच जायला हवं, आणि एकदा जाऊन भागणार नाही.