मेलेल्यांच्या चुगल्या

रुमानियाच्या अगदी उत्तरेला, मारामुरेश भागात, तिसा नदीपलीकडे युक्रेन सुरू होतं तिथे सापान्त्सा नावाचं खेडं आहे. पाहायचं काय, तर दफनभूमी. तीही तिकीट काढून! नाव ‘आनंदी दफनभूमी’. नाव ऐकून मी नाक मुरडलं होतं. पर्यटकांना ओढायला काढलेली युक्ती असणार.

आत पाऊल टाकलं आणि निळाई अंगावर आली. ओकच्या लाकडाचे आठशेहून जास्त क्रूस, प्रत्येकाच्या माथ्यावर इवलं छप्पर, कडेने फुलांची नक्षी, वर रंगीत कोरीव चित्र आणि खाली यमक जुळवलेल्या ओळी. त्या ओळींत बहुतेक ठिकाणी मेलेला माणूस स्वतःच बोलतो. सोबतची वाटाडी ते वाचून अर्थ सांगत होती आणि सांगता सांगता स्वतःच हसत होती. एक बाई लोकर कातते आहे, कुणी ट्रॅक्टर हाकतो आहे, खाटीक कामात गर्क आहे. एक गृहस्थ बाटली घेऊन बसलेत आणि आलुबुखाराच्या दारूने, त्सुइकाने, आपला घात केला हे बिनदिक्कत कबूल करताहेत. एका सासूच्या क्रूसावर तर ती परत येईल की काय अशी धास्ती मागच्यांनी नोंदवून ठेवली आहे!

हा उद्योग सुरू केला स्तान इओन पत्राश या गावच्याच कारागिराने, १९३५ च्या सुमारास. इथे मयताजवळ तीन दिवस जागरण असतं. लोक जमतात, खातात-पितात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात. पत्राश त्या ऐकायचा आणि मग ओळी रचायचा, गावच्या बोलीत. काय लिहायचं हे तोच ठरवायचा. १९७७ मध्ये तो गेला; स्वतःचा क्रूस त्याने आधीच कोरून ठेवला होता. पुढे त्याचा शिष्य दुमित्रु पॉप याने हे काम चालवलं.

घरच्यांना राग येत नसेल? आपल्याकडे असं कुणी लिहिलं तर डोकी फुटतील. आपल्याकडे गेलेला प्रत्येक जण ‘मनमिळाऊ स्वभावाचा’ असतो, चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून हसतो आणि बातमी ‘असा परिवार आहे’ यावर संपते. त्यात तो माणूस सापडत नाही. सापान्त्सातला दारुडा मात्र मला आज समोर दिसतो.

पण सगळंच हसण्यासारखं नाही. एका क्रूसावर चित्रात मोटार आहे आणि तिच्यापुढे एक चिमुरडी. तीन वर्षांची. ओळींत ती त्या टॅक्सीला शिव्याशाप देते. वाटाडीने हा क्रूस भराभर वाचला आणि पुढे निघाली. ‘आनंदी’ हे नाव बाहेरच्यांच्या सोयीचं असावं. इथल्या लोकांनी फक्त जे घडलं ते लाकडावर उतरवलं, हसू असो की शाप.

तिथून सिगेट शहर जेमतेम अर्ध्या तासावर. तिथला जुना तुरुंग आता संग्रहालय आहे. कम्युनिस्ट राजवटीने १९५० नंतर जुन्या मंत्र्यांना, पाद्र्यांना, प्राध्यापकांना तिथे कोंडलं. तीन वेळा पंतप्रधान झालेले युलिउ मानिउ १९५३ साली तिथेच वारले. मेलेल्यांना पुरलं जायचं ते निनावी. मानिउंचं थडगं आजतागायत सापडलेलं नाही. म्हणजे एका खेड्यात पत्राश खाटकाचं आयुष्य निगुतीने कोरत होता, त्याच सुमारास शेजारच्या शहरात देशाच्या पंतप्रधानाची खूणही राहू नये अशी व्यवस्था चालू होती. सकाळच्या सगळ्या हसण्याचा अर्थ मला त्या कोठड्यांतून फिरताना लागला.

संग्रहालयाच्या आवारात भिंतींवर तुरुंगांत आणि छावण्यांत मेलेल्या सुमारे ८,००० जणांची नावं कोरली आहेत. कवयित्री आना ब्लांदियाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात चिकाटीने हे स्मारक उभं केलं. त्या कामाचं मोल मोठं आहे. तरीही भिंतीवरची नावं वाचताना माझं मन भलतेच प्रश्न विचारत राहिलं. यातला तापट कोण होता? घोड्यांचा नाद कुणाला होता? कोणाचं सासूशी कधीच पटलं नाही? ते सांगणारी माणसं तीन रात्री त्यांच्याजवळ बसू शकली नव्हती.