टाउन हॉलमधला चाकरमानी

माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी मुंबईला नोकरीस गेला, तेव्हा आईने त्याच्या वळकटीत आमसुलांची पुरचुंडी कोंबली होती. रत्नागिरीतल्या कुठल्या घरात हे घडले नाही? आता तो दिवाळीला चार दिवस येतो, पडवी डागडुजी करून जातो, नि निघताना दरवर्षी म्हणतो, “दादा, म्हातारपणी इथेच येणार हं!”

मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने मला फोर्टातला टाउन हॉल दाखवला. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तिथलेच. आत एल्फिन्स्टन, माल्कम, आपले नाना शंकरशेट. त्या मंडळींत एक नाव अनोळखी निघाले: चार्ल्स फोर्ब्स.

“असेल कुणी गव्हर्नर,” भाऊ म्हणाला.

गव्हर्नर कसला, व्यापारी! मास्तरकीची खोड, शोध घेतल्यावाचून मला चैन पडेना.

स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनशायरमधल्या एका पाद्र्याचा हा मुलगा. त्याच्याच घराण्यातल्या जॉन फोर्ब्सने 1767 साली मुंबईत पेढी घातली होती, तिथे हा आला नि पुढे तिचा मालक झाला. 1803 साली कंपनी शिंदे-भोसल्यांशी लढली, तेव्हा या पेढीने तिला कर्जाऊ पैसा पुरवला. हे वाचून माझे मन जरा कडू झाले, खोटे कशाला बोलू?

पण हाच गृहस्थ परत जाऊन 1812 साली पार्लमेंटात शिरला आणि हिंदी लोकांची बाजू मांडू लागला. 1818 पासून 1832 पर्यंत तो माम्सबरीचा प्रतिनिधी होता. त्या गावात मतदार किती? अवघे 13! आमच्या एका वाडीत याहून अधिक मते असतात. तेरांच्या जिवावर निवडून आलेला हा माणूस म्हणे, कंपनीच्या भागीदार बायका तिच्या कारभारात मत देतात, मग पार्लमेंटसाठी का देऊ नये? मुंबईकरांनी वर्गणी काढून, चँट्रीसारख्या नामांकित शिल्पकाराकडून त्याचा पुतळा करवला, तो उगीच नव्हे. सरकारी हुद्दा नाही, लष्करी बिल्ला नाही, अशाचा पुतळा लोकांनी तोवर उभारला नव्हता.

मुंबईच्या पैशावर त्याने 1831 साली गावाकडे वाडाही बांधला, कॅसल न्यू.

हे सारे मी भावाला सांगितले. त्याने एकच विचारले, “वाडा आहे का अजून?”

“1927 साली पाडला.”

तो काही बोलला नाही. या दिवाळीला मात्र पडवीच्या डागडुजीचे नाव काढले नाही. आईजवळ बसून विहिरीतला गाळ कधी काढायचा, ते विचारत होता.