क्वालालंपूरचा गोल, शांघायचा बाण

1975 चा हॉकी विश्वचषक क्वालालंपूरला होता, पण बुलढाण्यात तो कुठे ऐकायला मिळेल हे कुणाला विचारावं लागलं नाही. आकाशवाणी, एवढंच उत्तर. तेव्हा रेडिओला परवाना लागे आणि त्याचं पुस्तक घेऊन पोस्टात पैसे भरावे लागत, म्हणून तो घरोघरी नव्हताच. ज्याच्याकडे होता त्याच्या ओट्यावर अख्खी गल्ली बसे. सामन्याची वेळ पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींत असे. ती एकानं वाचली की सगळ्यांना कळायची.

15 मार्चला अंतिम सामन्यात भारतासमोर पाकिस्तान होता. समालोचक जसदेव सिंगांचं हिंदी चेंडूबरोबर धावायचं. आधी पाकिस्तानचा गोल, मग सुरजितसिंगची बरोबरी आणि मग अशोककुमारचा तो वादाचा गोल. चेंडू आत जाऊन खांबाला लागून परत आला होता, आणि पाकिस्तानचे खेळाडू तो मानायला तयार नव्हते. आम्ही काहीच पाहिलेलं नव्हतं, तरी ओट्यावर खडूनं गोलखांब काढून चेंडू कसा फिरला ते छातीठोकपणे सांगणारे होते! 2-1 नं आपण जिंकलो.

पण त्या रेडिओवर आमचं कुणी कधी आलं नाही. कॉलेजची पोरं विद्यापीठाच्या स्पर्धांना कबड्डी, खो-खो खेळायला जायची आणि निकाल कळायचा तो ती एसटीतून उतरल्यावर. चढाई कशी झाली, शेवटचा गडी कुणी बाद केला, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. किती चांगले खेळाडू असे कुणाच्या कानावर न पडता विरून गेले, याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून 20 मे 2023 हा दिवस मला फार मोठा वाटतो. शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारनं कंपाउंड तिरंदाजीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं. पंधरा बाण, दीडशे गुण, त्यातला फक्त एक सुटला. चंद्रकांत इलग सरांच्या हाताखाली इथेच घडलेला हा पोरगा जगभर दिसत होता.

दिसत होता, पण ज्याला सापडला त्यालाच. जागतिक तिरंदाजी महासंघाची ऑनलाइन वाहिनी कोणती, चीनची वेळ आपल्या अडीच तास पुढे, आलेली लिंक खरी की जुन्या सामन्याची, हे सगळं आधी जुळवावं लागतं. पाच महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेशनं कोरियाला 235-230 नं हरवून सांघिक सुवर्ण घेतलं. तो सामना खासगी वाहिनीवर आणि तिच्या अ‍ॅपवर होता. विद्यापीठांच्या खेलो इंडिया स्पर्धाही आता दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीवर आणि यूट्यूबवर असतात. सारं उपलब्ध आहे. पण ज्यानं सामना शोधला तो मोबाइलवर एकटाच बघतो आणि शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी बातमीतून कळतं.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच येतेय. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र. तिथल्या भारतीय संघात आपल्या जिल्ह्याचं नाव असो वा नसो, कॉलेजांनी सभागृह उघडं ठेवावं, मोठा पडदा लावावा आणि सामना कधी, कुठे लागणार ते आठवडाभर आधी फाटकावर खडूनं लिहावं.