पुरानी शराब आणि बलूतचं पिंप

दहावीला गझल शिकवताना शराब, साकी, मयखाना आले की मी वीस वर्षं एकच वाक्य सांगत आलोय: "ही शराब म्हणजे इश्क-ए-हकीकी. पुढे चला." मुलं वहीत उतरवून घेतात. यंदा जळगावच्या माझ्या वर्गात एका मुलाने हात वर केला. "सर, शराब जुनी झाली की चांगली कशी होते? भाकर तर शिळी होते."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. त्याचे वडील पितात, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत आहे. आणि उत्तर मला येत नव्हतं. मी थेंबही चाखलेला नाही. रियाज खैराबादींनीही चाखली नव्हती असं सांगतात, तरी ते शराबवर शेर लिहीत राहिले. पण त्यांच्यासमोर दहावीचा वर्ग नव्हता.

मग वाचत बसलो. नुकतीच गाळलेली व्हिस्की पाण्यासारखी बिनरंगी असते. रंग आणि बराचसा स्वाद पिंपातून येतो. पिंप ओकचं, म्हणजे आपल्या उर्दूतल्या बलूतचं. ते आतून आगीवर भाजतात, कधी पार कोळसा होईपर्यंत. त्या धगीने लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास येतो तो त्याचाच. कोळसा गंधकाचा उग्र दर्प शोषून घेतो. ऊन वाढलं की दारू लाकडात शिरते, गारवा आला की लाकडाचा अर्क घेऊन परतते. स्कॉच म्हणवून घ्यायला किमान 3 वर्षं ओकमध्ये काढावी लागतात. बाटलीत भरली की मुरणं संपलं. म्हणजे कपाटात वीस वर्षं ठेवलेली बाटली नुसतीच जुनी!

धुळ्याला अब्बांना फोन केला. त्यांचा जन्म सुतारकामात गेला. विषय कसा काढावा कळेना, म्हणून आधी फक्त पिंपाचं सांगितलं: खिळा नाही, सरस नाही, फळ्या धगीवर वाकवून लोखंडी कड्यांनी आवळतात.

"मग गळत कसं नाही?"

"पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, अब्बा. तांबड्या ओकच्या उघड्या, म्हणून तो चालत नाही."

"वा! आणि भरतात काय त्यात?"

सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "लाकडाचा काय गुन्हा?"

लाकडातून दरवर्षी थोडी दारू उडूनही जाते. तिला म्हणे फरिश्त्यांचा हिस्सा म्हणतात. तौबा! स्कॉटलंडच्या थंडीत तो साधारण 2 टक्के. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची व्हिस्की मुरते, तिथे सुमारे 8. आपल्याकडच्या उन्हात सगळंच लवकर मुरतं आणि लवकर उडतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. एवढ्या शांतपणे त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं. तास सुटल्यावर तो मुलगा टेबलाशी रेंगाळला.

"सर, देशी क्वार्टरवालीपण पिंपात ठेवतात?"

"नाही रे. ती मळीच्या स्पिरिटची. तिला कोण मुरवतंय?"

"मग अब्बांनी ती मुरलेली घेतली, तर त्रास कमी होईल?"

"नाही बेटा. पिंपाने चव बदलते. अल्कोहोल तेच राहतं."

त्याने मान हलवली आणि दप्तर खांद्याला लावलं. इश्क-ए-हकीकीचं वाक्य यंदा मी कुणाला लिहून दिलं नाही.